ओलीचा हिशेब : शरदातील साठवणीची कामे

आमचे घर स्वतःच्या जमिनीवर जे पिकते त्यावर चालते, आणि बाहेरून विकत आणायच्या वस्तूंची यादी आम्ही जाणीवपूर्वक लहान ठेवली आहे. अशा घराला शरद ऋतू जेवढा पीक काढण्याचा वाटतो, त्याहून अधिक तो पीक टिकवण्याचा असतो. मका, घेवडा, कांदे, बटाटे, भोपळे आणि गाजरे थोड्या दिवसांच्या अंतराने एकामागून एक हाती येतात, दिवस मात्र त्याच काळात लहान होत जातात, आणि पुढच्या काही महिन्यांचे जेवण या घाईत नीट ठेवले गेले की नाही यावर अवलंबून असते. ही कामे करता करता माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली आहे. शरदातली आमची बहुतेक सगळी मेहनत पाण्याभोवती फिरते : कोणत्या वस्तूतून ते काढून टाकायचे, कोणत्या वस्तूत राखायचे आणि नेमके किती. धान्य कोरडे हवे, गाजर ओले हवे, कांद्याची मान सुकलेली हवी, खताचा ढीग ओलसर हवा आणि सरपण खडखडीत वाळलेले हवे. यंदाच्या शरदात आम्ही ही कामे कशी केली, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात मक्यापासून झाली. कणसे झाडावरच शक्य तितकी वाळू द्यायची असा आमचा रिवाज आहे, कारण तिथले ऊन आणि वारा फुकट मिळतात आणि अंगणही अडून राहत नाही. दाणा कणसाला जिथे चिकटलेला असतो, तिथे त्याच्या बुडाशी काळपट थर दिसू लागला, की दाणा पूर्ण भरला असे समजावे. त्यानंतर त्यात नवीन काही साठत नाही. मात्र त्या वेळी दाण्यात ३० ते ३५ टक्के पाणी असते, आणि घरात दीर्घकाळ ठेवायचा मका १३ टक्क्यांच्या खाली आणावा लागतो. मधले सगळे पाणी घालवणे हेच खरे काम. आम्ही कणसे तोडून त्यांची पाने मागे ओढली, जुड्या बांधल्या आणि छपराखाली वारा खेळेल अशा अंतराने टांगल्या. दाणे अंगठ्याने रेटल्यावर सहज सुटू लागले तेव्हा कणसे सोलायला घेतली. या कामाला मुले, सासूबाई, आम्ही दोघे असे सगळे बसतो, आणि हाताला सराव झाला की बोलता बोलता टोपल्या भरतात.

सोललेला मका कापडावर चार-पाच सेंटीमीटर जाडीच्या थरात पसरला आणि दर तासाला हाताने वरखाली केला. थर याहून जाड झाला तर वरचे दाणे वाळतात आणि खालचे कोंदट राहतात. उन्हापेक्षाही इथे हवेकडे लक्ष द्यावे लागते, ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. धान्य नुसते वाळत नाही, ते भोवतालच्या हवेशी सतत देवघेव करत असते. हवेची सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असली तर दाणा साधारण १३ ते १४ टक्क्यांवर येऊन थांबतो. त्या हवेत तो कितीही दिवस ठेवला तरी आणखी वाळत नाही. शरदातल्या पहाटे आणि संध्याकाळी आर्द्रता याच्या बरीच वर जाते, म्हणून दुपारी गमावलेले पाणी उघड्यावर राहिलेला दाणा रात्रीतून पुन्हा शोषून घेतो. दव पूर्ण ओसरल्याशिवाय आम्ही कापड पसरत नाही आणि सूर्य कलू लागताच सगळा मका गोळा करून झाकतो. दिवसाचे सहा तास खरे वाळवणीचे मिळाले तरी ते पुरेसे होतात, मात्र रात्रीचे तास धान्याला लागू द्यायचे नाहीत.

धान्य पुरेसे वाळले हे ओळखण्याच्या आमच्या घरात तीन रीती आहेत. सासूबाई दाणा दाढेखाली धरतात. तो दबला तर अजून वेळ आहे आणि कडकन फुटला तर झाला, असा त्यांचा निर्णय असतो, आणि तो सहसा बरोबर निघतो. दुसरी रीत मिठाची. अगदी कोरडे मीठ आणि मूठभर दाणे काचेच्या कोरड्या बाटलीत घालून झाकण लावायचे, काही मिनिटे हलवायचे आणि पाव तास ठेवायचे. मीठ काचेच्या आतल्या बाजूला चिकटले तर दाण्यात १५ टक्क्यांहून अधिक पाणी आहे. ही परीक्षा उपयोगी असली तरी पुरेशी नाही, कारण मीठ चिकटले नाही म्हणजे धान्य १५ टक्क्यांच्या खाली आले एवढेच समजते, १३ च्या खाली गेले की नाही ते समजत नाही.

तिसरी रीत वजनाची, आणि माझा सर्वाधिक विश्वास तिच्यावर आहे, कारण तिला साध्या तराजूपलीकडे काही लागत नाही. दाण्यातले पाणी उडते, पण त्यातला सुका भाग तेवढाच राहतो. समजा १०० किलो मक्यात १८ टक्के पाणी आहे, तर त्यात १८ किलो पाणी आणि ८२ किलो सुका दाणा आहे. तो १२ टक्क्यांवर आला की हेच ८२ किलो एकूण वजनाचे ८८ टक्के होतात, म्हणजे ढिगाचे वजन ९३ किलोंच्या थोडे वर येते. जवळजवळ सात किलो पाणी जायला हवे, हे आधीच ठाऊक असले की अंदाज करत बसावे लागत नाही. संपूर्ण ढीग रोज तोलणे शक्य नसते, म्हणून आम्ही १० किलोंची एक टोपली वेगळी ठेवतो, तिच्यातला मका बाकीच्यांसोबतच पण वेगळ्या कापडावर वाळवतो आणि संध्याकाळी तेवढीच तोलतो. ती ९ किलो ३२० ग्रॅमच्या आसपास आली की ढीगही आलेला असतो. सुरुवातीचे प्रमाण काढण्यासाठी थोडा मका भरडून, त्याचे वजन करून, सुमारे १०३ अंश सेल्सिअसला भट्टीत वजन घटणे थांबेपर्यंत ठेवावा लागतो. जेवढे वजन घटले तेवढे पाणी. एवढी खटपट कशाला, असे बघणाऱ्याला वाटते. पण पिकाला वर्षातले कित्येक महिने दिल्यावर त्याच्या टिकण्याचा निर्णय निव्वळ अदमासावर सोडणे मला योग्य वाटत नाही.

वाळलेला मका लगेच पिंपात भरत नाहीत. तो उन्हाने गरम असतो, आणि गरम धान्य झाकणबंद केले की रात्री पत्रा थंड झाल्यावर आतल्या हवेतली वाफ झाकणाच्या खालच्या बाजूला पाणी होऊन जमते. हे पाणी वरच्या थरावर ठिबकते आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते. सगळे धान्य कोरडे असताना केवळ वरची चार बोटे कुजलेली निघतात, त्यामागचे कारण बहुतेक वेळा हेच असते. आम्ही मका घरात सावलीत पसरून पूर्ण निवू देतो आणि मगच भरतो. पिंप काठोकाठ भरायचे आणि झाकण हवाबंद बसवायचे, यामागेही कारण आहे. बंद जागेत उरलेली थोडी हवा आतले किडे श्वासाने संपवतात, प्राणवायू २ ते ३ टक्क्यांपर्यंत उतरला की ते मरतात किंवा त्यांची वाढ थांबते, आणि कोणतेही औषध लागत नाही. अर्धे पिंप रिकामे असेल तर आत किड्यांना बराच काळ पुरेल एवढी हवा राहते. रोजच्या वापराचा मका म्हणूनच लहान डब्यात वेगळा काढतो, मोठ्या पिंपाचे झाकण वारंवार उघडत नाही.

बियाण्याचे काम धान्याहून नाजूक असते. खायच्या दाण्यात जीव उरला नाही तरी चालते, बियाण्यात तो राहिलाच पाहिजे. म्हणून बी कडक उन्हात ठेवत नाहीत. साधारण ३५ अंशांपुढे ओल्या बीजाला इजा होऊ लागते, त्यामुळे आमच्याकडे ते सावलीत, वाऱ्यावर, पातळ पसरून वाळते. घेवड्याच्या सर्वांत निरोगी वेलींना हंगामातच दोरा बांधून ठेवलेला असतो आणि त्यांच्या शेंगा स्वयंपाकासाठी तोडायच्या नाहीत, हे मुलांनाही माहीत असते. शेंगा वेलीवर खुळखुळू लागल्या की काढायच्या, पोत्यात घालून काठीने हलके बडवायच्या आणि सुपाने पाखडायच्या. टोमॅटोची रीत वेगळी आहे. त्याच्या बीभोवती जो बुळबुळीत गर असतो, तो उगवण रोखून धरतो. गरासकट बिया भांड्यात दोन-तीन दिवस आंबू दिल्या की तो गर सुटतो, भरलेल्या बिया तळाशी बसतात आणि पोकळ बिया वर तरंगतात. खालच्या बिया धुऊन ताटलीत वाळवायच्या; कागदावर वाळवल्या तर त्या त्याला अशा चिकटतात की सोडवताना तुटतात.

बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी बियाण्याच्या साठवणीसाठी सांगितलेला ठोकताळा मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवला आहे : बियाण्यातले पाणी एक टक्क्याने कमी केले की त्याचे साठवणीतले आयुष्य सुमारे दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरवले तरीही ते सुमारे दुप्पट होते. पाण्याचा हा नियम साधारण ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान लागू पडतो, त्याखाली नाही. म्हणजे १२ टक्क्यांवरचे बी ९ टक्क्यांवर आणले तर तीनदा दुप्पट, म्हणजे जवळपास आठपट काळ टिकू शकते. थंड खोली बांधायला खर्च येतो, तीन टक्के पाणी कमी करायला मात्र थोडे लक्ष आणि थोडा वारा पुरतो, आणि काटकसरीच्या घराने कोणत्या बाजूने जावे हे त्यातच स्पष्ट होते. शेवटचे टक्के घालवण्यासाठी आम्ही तव्यावर भाजून कोरडे केलेले तांदूळ निववून, कापडाच्या पुरचुंडीत बांधून, बियाण्याच्या बरणीत ठेवतो. ते आतल्या हवेतली ओल खेचून घेतात. दोन आठवड्यांनी पुरचुंडी काढून घ्यायची आणि बरणी पुन्हा घट्ट बंद करायची.

आता ज्या वस्तूंना पाणी राखायचे असते, त्यांच्याकडे वळते. आमच्या घराखाली लहानसे तळघर आहे आणि त्यात दोन झरोके आहेत, एक जमिनीलगत आणि दुसरा छताजवळ. थंड हवा जड असल्याने खालून येते आणि उबदार हवा वरून निघून जाते. हे झरोके कधी उघडायचे, याचा निर्णय शरदात सर्वांत महत्त्वाचा ठरतो. दिवसा बाहेर छान कोरडी हवा आहे, चला तळघर हवेशीर करू, असे कुणालाही वाटेल, पण त्यातून नेमके उलटे घडते. २५ अंश तापमानाच्या आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला सुमारे १४ ग्रॅम पाणी असते. १२ अंशांची हवा मात्र ११ ग्रॅमहून थोडे कमी पाणीच धरू शकते. अशी उबदार हवा थंड तळघरात शिरली की उरलेले पाणी भिंतींवर आणि बटाट्यांवर दहिवरासारखे जमते. म्हणून झरोके रात्री उघडतात आणि सकाळी ऊन चढण्याआधी बंद करतात. बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड असेल तेव्हाच ती आत घ्यायची. आर्द्रता मोजायला आम्ही दोन साधे तापमापक शेजारी टांगले आहेत, त्यांपैकी एकाच्या फुग्याभोवती ओल्या कापडाची वात गुंडाळलेली आहे. दोघांतला फरक जितका कमी, तितकी हवा दमट. कोरडा २० आणि ओला १५ दाखवत असेल तर आर्द्रता साधारण ६० टक्के असते. सोबत टांगलेल्या कोष्टकावरून आता धाकटीसुद्धा आकडा वाचते.

बटाटे खणल्यावर धूत नाहीत, माती सुकली की हाताने झटकतात. पहिले दहा-पंधरा दिवस त्यांना १० ते १५ अंशांत, अंधारात आणि भरपूर दमट हवेत ठेवले की खणताना लागलेले ओरखडे भरून येतात आणि साल जाड होते. त्यानंतर ते जितके थंड आणि अंधारात राहतील तितके चांगले, मात्र ४ अंशांच्या खाली उतरले तर त्यांतल्या पिठाची साखर होऊ लागते. उजेड लागलेला बटाटा हिरवा पडतो, त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढते, आणि असे बटाटे आम्ही खात नाही. गाजरांचा पाला देठाजवळ कापून ती ओलसर वाळूच्या थरांत एकमेकांना न टेकता मांडतो. वाळू मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये. गाजरांच्या जवळ सफरचंदे ठेवायची नाहीत, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे गाजरांना कडू चव येते.

कांदा आणि भोपळा यांना तळघर मानवत नाही. कांद्याची पात आडवी पडली की तो उपटून, उन्हाच्या थेट झळीपासून दूर, वाऱ्यावर दोन ते चार आठवडे सुकवतो. बोटांनी चिमटून पाहिल्यावर मान पूर्ण कोरडी लागली तरच तो साठवणीचा, आणि जाड, ओलसर मानेचे कांदे आधी खायचे. भोपळा देठासकट कापतो, त्याला दहा दिवस २७ ते २९ अंशांची ऊब मिळाली की साल इतकी कडक होते की नख रुतत नाही, आणि नंतर तो १० ते १३ अंशांच्या कोरड्या फळीवर महिनोन्महिने राहतो. देठ मोडलेला भोपळा ठेवायचा नाही. तो त्याच आठवड्यात शिजतो.

कोबीच्या बाबतीत पाणी बाहेर काढून तिथल्या तिथेच वापरतो. एक किलो चिरलेल्या कोबीला २० ते २५ ग्रॅम मीठ चोळले की अर्ध्या तासात तो स्वतःच्याच पाण्यात बुडतो. वर वजन ठेवून तो पाण्याखालीच राहील एवढे सांभाळले, की आंबटपणा आणणारे जिवाणू बाकीचे काम करतात.

सरपणाला मात्र एका ऋतूची मेहनत पुरत नाही. या शरदात जाळायचे लाकूड निदान वर्षभर आधी फोडून रचलेले असावे लागते. ताज्या तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचे असू शकते आणि एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता लागते. ती उष्णता घर ऊबदार करण्याऐवजी धुराड्यातून निघून जाते, शिवाय थंड धुरातले डांबर धुराड्याला चिकटते आणि पुढे तेच पेट घेऊ शकते. जाळण्याजोग्या लाकडात पाणी २० टक्क्यांच्या खाली हवे. इथेही वजनाचीच रीत वापरतो : प्रत्येक रचीत एका ओंडक्याला खूण करायची आणि महिन्यातून एकदा त्याला तोलायचे. वजन उतरणे थांबले, की ती रच चुलीसाठी तयार.

गळलेली पाने जाळायची कल्पनासुद्धा मला सहन होत नाही, इतका त्यांचा उपयोग आहे. पाने आणि कोंबड्यांच्या खुराड्यातला विष्ठामिश्रित भुसा यांचे थर एकावर एक घालून साधारण एक मीटर उंचीचा ढीग रचतो. पानांत कर्ब जास्त, विष्ठेत नत्र जास्त, आणि दोघांचे मिळून कर्ब-नत्र प्रमाण २५ ते ३० ला एक असे जमले की ढीग काही दिवसांत ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. इथे ओल ५० ते ६० टक्के लागते. मूठभर मिश्रण पिळल्यावर बोटांतून एखाददुसरा थेंब यावा, धार येऊ नये. कोंबड्या या दिवसांत पिसे गाळतात आणि दिवस चौदा तासांहून लहान झाल्याने अंडीही कमी देतात. दिवे लावून त्यांना फसवता येते, पण आम्ही ते करत नाही, त्यांना ही विश्रांती मिळावी असे आम्हा सगळ्यांना वाटते.

शरदाच्या शेवटी एक काम राहते, ते उगवण तपासण्याचे. प्रत्येक बरणीतले मोजके दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवायचे आणि आठवड्याभराने किती अंकुरले ते मोजायचे. यंदाच्या मक्याची आणि टोमॅटोची उगवण उत्तम निघाली. गेल्या वर्षीच्या राखलेल्या घेवड्याच्या एका बरणीतले दर दहांतले जेमतेम सहाच उगवले. सासूबाईंनी ती बरणी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, हा घेवडा आता पेरायचा नाही, खायचा." वहीत तशी नोंद करून मी ती बरणी बियाण्याच्या कपाटातून काढली आणि स्वयंपाकघरातल्या डाळींच्या फळीवर ठेवली, वसंतात पेरायला घेवडा यंदाच्याच बरणीतला.